खडकावरचे जीव आणि आमची मोजदाद

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण करण्याची मला सवय नाही. हळदीकुंकवाला चार बायकांत बोलणे वेगळे आणि असे उभे राहून बोलणे वेगळे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "मुंबईला समुद्रावर तुम्ही जे पाहून आलात तेच सांगा, वेगळे काही नको." म्हणून उभी राहिले. चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

आपले ताडकळस कुठे आणि समुद्र कुठे! आपल्या रानात पडलेले पाणी ओढ्या-नाल्यांनी गोदावरीला मिळते आणि गोदावरी ते पूर्वेला, आंध्रात राजमहेंद्रीच्या खाली, बंगालच्या उपसागराला नेऊन देते. मुंबईचा समुद्र पश्चिमेला. म्हणजे पाण्याचेही त्याच्याशी आपले नाते नाही. तरी नाते आहे, ते दगडाचे आहे. ते पुढे सांगते.

आधी मी तिथे कशाला गेले ते खरे सांगते, कारण ते लपवले तर बाकीचे सांगण्यात अर्थ नाही. माझी थोरली मुलगी बारावीनंतर माझ्या धाकट्या बहिणीकडे मुंबईला राहून प्राणिशास्त्र शिकत होती. २०२४ सालच्या जानेवारीत, पौष महिन्यात, तिला एक चांगले स्थळ सांगून आले. मुलगा नोकरीत, घरची ओलिताची जमीन, माणसेही ओळखीची. त्यांची एकच अट होती, पुढचे शिक्षण नको आणि लग्न याच उन्हाळ्यात. आमच्या घरी सगळ्यांचा होकार होता, माझाही होता. परभणीहून देवगिरी गाडीने मी मुंबईला गेले, ते मुलीला समजावून परत आणायला.

मी पोचले तर मुलगी म्हणाली, "आई, आज पौर्णिमा आहे. संध्याकाळी आमची पाहणी आहे. तू माझ्याबरोबर चल, लिहायला माणूस कमी आहे. मग रात्री तुला काय बोलायचे ते बोल." मी विचारले, कसली पाहणी? तर म्हणाली, "खडकावरचे जीव मोजायचे." मला हसूच आले. शिकून सवरून गोगलगाई मोजायच्या! पण गेले.

वांद्र्याला बँडस्टँड म्हणून समुद्राचा काठ आहे. तिथे वाळू थोडी, काळा खडकच फार. आम्ही चारच्या सुमाराला पोचलो तेव्हा पाणी मागे सरकत होते. खडकाला हात लावला आणि मी थबकले. हा तर आपलाच दगड! आपल्या विहिरी खणताना लागतो, जात्याला लागतो, तोच काळा पाषाण. मुलीने सांगितले ते असे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त रस वाहिला, थरावर थर बसले आणि सगळे दख्खनचे पठार झाले. मुंबईचा खडक त्यातला आणि परभणीचाही त्यातलाच. आपल्याकडे तो झिजून काळी कापसाची माती झाली. तिथे त्याच्यावर रोज दोनदा समुद्र चढतो आणि दोनदा उतरतो, म्हणून त्याच्यावर संसार वसला.

भरती-ओहोटीचे थोडे सांगते, कारण सगळी पाहणी त्यावर अवलंबून असते. दिवसाकाठी दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी येते. म्हणून रोज ती पाऊण-एक तास उशिरा सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेला पाणी फार वर चढते आणि फार खाली जाते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार कमी, त्याला भांग म्हणतात. मुंबईला उधाणाला पाणी चार मीटरहूनही अधिक चढते-उतरते. म्हणजे जो खडक दुपारी दोन पुरुष पाण्याखाली होता, त्यावर आम्ही संध्याकाळी पाय ठेवून उभ्या होतो.

तिथे एक म्हाताऱ्या कोळीण बाई दगडाला चिकटलेली कालवे फोडून आतला गर डब्यात काढत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. विचारले, "बाई, पाणी केव्हा येणार, केव्हा जाणार हे तुम्हाला कसे कळते?" त्या म्हणाल्या, "तिथीची पाऊणपट कर." म्हणजे असे की अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहा वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. ढोबळ हिशेब आहे, थोडे मागेपुढे होते, पण चालतो. मी मुलीच्या कागदावरची वेळ पाहिली, ती सव्वापाचाच्या जवळपासच होती. भगिनींनो, पंचांग आपल्या घरोघरी आहे. चतुर्थी-एकादशी आपल्याला तोंडपाठ. पण त्याच तिथीने समुद्राचे घड्याळ चालते, हे मला पंचेचाळिशीला आल्यावर कळले.

आता मोजदाद कशी करतात ते सांगते. आधी जिथपर्यंत भरतीचा डाग असतो तिथपासून पाण्यापर्यंत सरळ दोरी ताणतात. दोरीवर मीटरच्या खुणा असतात. मग नळीची एक चौकट असते, अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद. तिच्यात दोरे बांधून दहा गुणिले दहा अशी शंभर घरे केलेली, सारीपाटासारखी. दोरीवर ठरलेल्या खुणेला चौकट टाकायची आणि आत जे जे आहे ते मोजायचे. शंख, खेकडे एकेक मोजायचे. जे दाट चिकटलेले असते, ते किती घरांत आहे ते लिहायचे. शंभरांपैकी तीस घरांत असले तर तीस टक्के झाले. मुलगी आकडा सांगायची आणि मी लिहायची. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. हे मला येत होते, दूध मोजताना आपण तेच करतो.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला चौकट पडली ती अगदी उघड्या दगडावर. आत काहीच नाही. शेजारी हातभरावर मात्र छान समुद्रफूल उमललेले, एक खेकडाही बसलेला. मला वाटले, रिकामे काय लिहायचे? मी हळूच चौकट उचलून तिकडे सरकवली. मुलीने पाहिले आणि म्हणाली, "आई, हे काय केलेस? जिथे पडली तिथेच ठेव."

मी म्हटले, "अगं, तिथे तर काहीच नाही."

"मग शून्य लिही. शून्य हीसुद्धा नोंदच आहे. तू चौकट चांगल्या जागी सरकवलीस, दुसरा कुणी वाईट जागी सरकवील, मग त्या आकड्याला कोण विचारतो? म्हणून तर आम्ही आधी घरीच चिठ्ठ्या काढून जागा ठरवून आणतो."

भगिनींनो, तिथे मी गप्प झाले. कारण हा चौकोन मी आधी पाहिलेला होता. आपल्याकडे पीक कापणीचा प्रयोग होतो तो तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. शेतात दोऱ्या लावून चौकोन आखतात, तेवढ्यातलेच सोयाबीन कापून वजन करतात आणि त्यावरून सगळ्या मंडळाचे उत्पन्न धरतात. विम्याचा पैसा त्यावर ठरतो. एके वर्षी आमच्या भागात पावसाने दडी मारली, आमचे पीक माळावर करपून गेले. पण चौकोन टाकणाऱ्यांनी तो पाटाजवळच्या हिरव्या तुकड्यात टाकला. चिठ्ठी नाही, काही नाही. वजन चांगले भरले आणि आम्ही कोरडेच राहिलो. त्या वर्षी हे किती दिवस बोलत होते, आणि मीही जेवण करताना त्यांना शिव्याशाप दिले. आणि इथे मीच दोन पावलांवर चौकट सरकवली होती! वाईट हेतू नव्हता, दगड रिकामा दिसला म्हणून दया आली. पण दयेने सरकवली काय आणि लबाडीने सरकवली काय, आकडा खोटाच होतो. मी चौकट परत जागेवर ठेवली आणि शून्य लिहिले.

आता त्या चौकटीत काय काय सापडले ते सांगते. अगदी वर, जिथे पाण्याचे फक्त शिंतोडे येतात, तिथे ज्वारीच्या दाण्याएवढे शंख फटीफटीतून बसलेले. ऊन तापले की ते आपल्या दाराला झाकण लावून घेतात आणि पाणी येईपर्यंत आत ओल धरून राहतात. त्याच्या खाली दगडावर पांढरे खरखरीत टवके, पाय ठेवला तर कापतात. त्याला बार्नेकल म्हणतात. मी तर त्यांना दगडाचा भागच समजले होते. तो जीव आहे, खेकड्याच्या आणि कोळंबीच्या जातकुळीतला. लहानपणी पाण्यात पोहत येतो, डोक्याने दगडाला चिकटतो, भोवती चुन्याचे घर बांधतो आणि मग जन्मभर डोके खाली, पाय वर. भरती आली की झाकण उघडून पायांनीच पाण्यातले अन्न तोंडाकडे ओढतो. ऐकून आम्ही सगळ्याच हसलो.

त्यांच्यात कालवे. त्याहून खाली शंकूच्या टोपीसारखे शंख दगडाला घट्ट बसलेले. त्यांना इंग्रजीत लिंपेट म्हणतात. त्यातले कितीतरी भरतीला चरायला निघतात, दगडावरचे शेवाळ खरवडून खातात आणि परत येऊन नेमक्या आपल्याच जागेवर बसतात. त्यांच्या शिंपल्याच्या कडेने दगडात खाच पडलेली असते, ती त्याच शिंपल्याला नीट बसते. तिथून खाली डबकी. त्यांत शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे, जे वाढले की जुना शंख टाकून मोठा शोधतात. समुद्रफुले, जी पाणी असले की उमलतात आणि पाणी गेले की मिटून मांसाचा गोळा होतात. हिरव्या-तपकिरी छोट्या फुलांची चटईच एके ठिकाणी पसरलेली होती. मी हात लावायला गेले तर मुलीने मनगट धरले. त्यांच्यातल्या काही जातींत जबर विष असते. काही शंखही विषारी डंख मारतात. म्हणून नियम असा की ओळख नसलेल्याला हात लावायचा नाही, दगड उलटला तर तो होता तसा परत ठेवायचा आणि जिवंत काही घरी आणायचे नाही.

मी विचारले, "हे असे मजल्यामजल्याने का राहतात? सगळे खाली पाण्यातच का जात नाहीत?" त्यावर मुलीने जे सांगितले ते मी विसरणार नाही. जोसेफ कॉनेल नावाच्या शास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर यासाठी प्रयोग केला आणि १९६१ साली तो छापला. तिथे बार्नेकलच्या दोन जाती आहेत, एक लहान, एक मोठी. लहान जात वर, सुक्या दगडावर राहते. मोठी खाली, ओलीकडे. सगळ्यांना वाटे, लहान जातीला वरचेच मानवते. कॉनेलने खालच्या दगडाच्या काही भागावरून मोठ्या जातीचे जीव काढून टाकले. तर काय, लहान जात तिथे चांगली जगली! म्हणजे तिला खाली जगता येत होते. पण मोठी जात वाढताना तिला दाबते, खालून उपटते, वरून झाकते, म्हणून ती खाली टिकत नव्हती. आणि मोठी जात वर का जात नाही? तर तिला कोरडे ऊन सोसत नाही.

एकत्र कुटुंबात राहिलेल्या आपल्यापैकी पुष्कळजणींना हे सांगायला शास्त्रज्ञ नको! जाऊबाई स्वयंपाकघरात असल्या की आपण अंगणात. पण हसण्यावारी नेऊ नका. मला आपले ते "तिला तेच मानवते" असे म्हणणे टोचले. मी सातवीला शाळा सोडली. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती, एकट्या पोरीला कोण पाठवणार? नंतर सगळे म्हणत, हिला अभ्यासाची गोडी नव्हतीच, हिला घरकामच मानवते. वीस-पंचवीस वर्षे मीही तेच म्हणत आले. आणि त्या संध्याकाळी मी तीन तास चिखलपाण्यात उभी राहून एकही आकडा न चुकता लिहिला होता. मुलीच्या बाईंनी वही पाहिली आणि विचारले, "या कुठे शिकवतात?"

हे सगळे मोजून काय उपयोग, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला. त्याचे उत्तर मुंबईतच आहे. २०१७ सालापासून 'मरीन लाईफ ऑफ मुंबई' या नावाने काही मंडळी ओहोटीला किनाऱ्यावर लोकांना घेऊन जातात, जीव दाखवतात, फोटो काढून नोंद ठेवतात. मुंबईच्या गढूळ पाण्यात काय असणार, असेच सगळ्यांना वाटे. पण हाजीअली आणि वरळीच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहे. आपण दागिन्यात घालतो ते पोवळे वेगळे, ते दूरच्या भूमध्य समुद्राच्या खोलीतून येते. पण कुळी एकच, बारीक बारीक जीवांची वसाहत. हे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्या यादीत आहे. २०१८ पासून तिथे समुद्रात भराव घालून किनारी रस्त्याचे काम सुरू झाले. २०१९ च्या जुलैत उच्च न्यायालयाने त्याची किनाऱ्याची परवानगी रद्द केली, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुढे चालले. पण प्रवाळ आहे अशी नोंद होती, म्हणून २०२० साली परवानगी काढून, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या माणसांकडून, प्रवाळाच्या १८ वसाहती उचलून दुसऱ्या खडकावर लावाव्या लागल्या. मार्च २०२४ मध्ये रस्त्याचा पहिला भाग सुरू झाला. रस्ता चांगला की वाईट, हे मी सांगणार नाही. लोकांना जायला-यायला रस्ता लागतो, कोळ्यांना मासे लागतात. मी एवढेच म्हणते की जे कुणी लिहिलेले नसते, ते बुजवताना कुणाला विचारावे लागत नाही. त्या १८ वसाहती कागदावर आल्या, म्हणून मोजून उचलल्या गेल्या. भरावाखाली बाकी कितीतरी शंख-खेकडे गेले असतील, त्यांची गणती कोण सांगणार?

त्या कोळीण बाईंनाही मी विचारले होते, "कालवे पूर्वीसारखी मिळतात का?" त्या म्हणाल्या, "माझ्या सासूच्या वेळेला डबा लवकर भरायचा." मी मुलीला म्हटले, हे लिही. ती म्हणाली, "लिहीन, पण किती भरायचा हे कुणी मोजून ठेवले नाही ना, आई." तेव्हा मला मोजदादीचा अर्थ नीट कळला. आज मोजले तर तीस वर्षांनी कुणाला तरी सांगता येईल, कमी झाले की वाढले. एरवी नुसते "आमच्या वेळी असे होते", एवढेच.

रात्री बोलायचे ठरले होते. जेवणे झाली, मुलगी समोर बसली. मी स्थळाची सगळी माहिती सांगितली, काही लपवले नाही. तिने विचारले, "तुझे काय म्हणणे?" मी म्हटले, "मी तुला न्यायला आले होते. आता मी एकटीच जाते."

घरी आल्यावर काय झाले ते सांगायला संकोच वाटतो, पण सांगते. ते स्थळ गेले. आत्याबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. ह्यांनी "तुला पाठवले तीच चूक झाली" एवढेच म्हटले, आणि ते खाली मान घालून म्हटले, तेच मला जास्त लागले. मग एके दिवशी मी त्यांना ती रिकाम्या चौकटीची गोष्ट सांगितली. पीक कापणीच्या चौकोनाचे नाव निघताच ते उठून बसले. म्हणाले, "पोरगी असे शिकतेय होय? चिठ्ठी काढून?" त्यापुढे काही बोलले नाहीत, पण महिन्याचे पैसे पाठवायचे बंद केले नाहीत. मुलगी आता एम.एस्सी. करते आहे. तिला नोकरी कुठे लागेल, लग्न कधी होईल, हे मला सांगता येत नाही. लोक विचारतात तेव्हा पोटात कालवते, हेही खरे. पण मी चूक केली असे मला वाटत नाही.

शेवटी मंडळापुढे एक विनंती. आपल्याकडे समुद्र नाही, पण विहिरी आहेत, ओढे आहेत, बांध आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असायची आहे. झाडे, पाखरे, मासे, रानभाज्या, जुनी बियाणे असे सगळे त्यात लिहायचे असते. त्यातले निम्मे ज्ञान आपल्या बायकांच्या पदरात आहे. कुंजीर, पाथरी, तांदुळजा कोणत्या बांधावर उगवते हे आपल्याहून अधिक कुणाला ठाऊक? आपण दर पौर्णिमेला एका ठरलेल्या जागी जावे, चिठ्ठी काढून चौकट टाकावी आणि आत जे असेल ते वहीत लिहावे. चौकट मी करून आणते, जुन्या ठिबकच्या नळीची होते. वही मंडळाने द्यावी. आणि जिथे काही नसेल तिथे शून्य लिहावे, चौकट सरकवू नये.